आधी पुतण्याला तोतया म्हटलं, मग नातवाला : महाराणी ताराबाई आणि साताऱ्याच्या गादीची गोष्ट

छत्रपतींच्या गाद्या दोन, एक साताऱ्याची आणि दुसरी कोल्हापूरची, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण शिवाजी महाराजांनी उभं केलेलं राज्य एक आणि गाद्या दोन, हे झालं कसं असं विचारलं की बरेच जण अडखळतात.

या प्रश्नाचं उत्तर एका बाईच्या आयुष्यात सापडतं. महाराणी ताराबाई.

औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली राणी म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या ८६ वर्षं जगल्या आणि औरंगजेब मेला तेव्हा त्यांचं वय होतं फक्त ३२. पुढच्या ५४ वर्षांत त्यांनी राज्य गमावलं, सोळा वर्षं कैद भोगली, पंच्याहत्तराव्या वर्षी पुन्हा गादीचा डाव मांडला आणि पेशव्याला घाम फोडला.

या सगळ्या काळात त्यांनी दोघांना गादीवर बसवलं आणि दोघांना तोतया ठरवलं. विशेष म्हणजे त्यातलं एक नाव दोन्ही यादींत आहे.

मोहित्यांच्या घरची लेक

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. कराडजवळचं तळबीड हे मोहित्यांचं गाव. वडील हंबीरराव मोहिते स्वराज्याचे सरसेनापती. हंबीररावांची बहीण सोयराबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या राणी आणि राजाराम महाराजांच्या आई. थोडक्यात, ताराबाई या राजारामांच्या मामाची मुलगी. पुढे त्याच त्यांच्या राणी झाल्या.

गादीचा वाद ताराबाईंनी लहानपणीच घरात पाहिला होता. १६८० साली शिवाजी महाराज गेले. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. इकडे रायगडावर सोयराबाई आणि काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. सैन्य हंबीररावांच्या हातात होतं आणि राजाराम त्यांचा सख्खा भाचा. ते बहिणीच्या बाजूने उभे राहतील असं कोणालाही वाटलं असतं. पण हंबीररावांनी थोरल्या मुलाचा हक्क मानला आणि ते संभाजी महाराजांकडे गेले. डाव तिथेच संपला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. थोरल्या मुलाने गादीवर बसायचं ही रीत होती, पण तो कुठे लिहून ठेवलेला कायदा नव्हता. दुसरीकडे देशमुखी, पाटीलकीच्या वतनात भावाभावांत वाटण्या व्हायच्या. मग राज्य हे वतनासारखं वाटायचं की एकाच्याच हाती ठेवायचं? आणि थोरली पाती शत्रूच्या हाती सापडली तर धाकटीने काय करायचं? या प्रश्नांची पक्की उत्तरं कोणाकडे नव्हती. १६८० साली उत्तर दिलं ते सेनापतीने. पुढेही जवळपास प्रत्येक वेळी ते सैन्यानेच दिलं.

गादी कोणाची, सांभाळणारा कोण?

१६८७ च्या अखेरीस हंबीरराव वाईजवळच्या लढाईत पडले. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला आणि महाराणी येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले.

राजाराम त्याआधीच रायगडावरून निसटले होते. ते थेट तामिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले आणि तिथून राज्य चालवू लागले.

पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. शाहूंच्या बाजूचे लोक म्हणायचे की राजारामांनी कारभार सांभाळला तो कैदेतल्या पुतण्याच्या नावाने. गादी शाहूंची, राजाराम फक्त राखणदार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की संभाजी महाराजांच्या वेळचं राज्य मोगलांनी गिळलं होतं. राजारामांनी लढून नव्याने उभं केलं ते राज्य त्यांचं आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाचं.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. राजाराम हयात होते आणि शाहू कैदेत होते, तोवर निवाडा करायची वेळ आली नाही.

ताराबाई १६९४ च्या सुमारास जिंजीला गेल्या. १६९६ साली त्यांना मुलगा झाला. आजोबांचंच नाव ठेवलं, शिवाजी. राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई या कागलच्या घाटग्यांच्या घरातल्या. त्यांनाही १६९८ साली मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. ही दोन सावत्र भावंडंही पुढे एकमेकांसमोर उभी राहणार होती.

पंचविशीतली विधवा आणि ऐंशी पार केलेला बादशहा

१६९८ साली जिंजी पडली. त्याआधीच राजाराम महाराष्ट्रात परतले होते. त्यांनी साताऱ्याला राजधानी केली. औरंगजेबाने साताऱ्यालाच वेढा घातला. वेढा चालू असतानाच मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच साताऱ्याचा किल्लाही गेला. औरंगजेबाने त्याला आपल्या मुलाचं, शहजादा आझमचं नाव दिलं. किल्ला झाला आझमतारा.

राजा गेला, राजधानी गेली. मराठे आता संपले अशीच मोगल छावणीची समजूत झाली.

याच वर्षी तिकडे युरोपात स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स निपुत्रिक वारला. त्याच्या गादीवर कोणी बसायचं यावरून अर्धा युरोप पुढची तेरा-चौदा वर्षं लढत होता. वारसाचा प्रश्न उघडा राहिला की राज्यांचं काय होतं, हे सगळं जग एकाच वेळी बघत होतं.

इकडे पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव, सेनापती धनाजी जाधव असे कसलेले लोक सोबत होते.

पुढची सात वर्षं सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यातली युक्ती फार कमी वेळा सांगितली जाते. औरंगजेब स्वतः एकेका किल्ल्यासमोर जाऊन बसायचा. सज्जनगड, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकापाठोपाठ एक किल्ले त्याने घेतले. मराठे किल्ला जमेल तितका लढवायचे आणि शेवटी बऱ्याचदा पैसे घेऊन खाली करून द्यायचे. एका किल्ल्यापायी बादशहाचे महिनोन्‌महिने, माणसं आणि खजिना खर्च व्हायचा. तो पुढे सरकला की मागचे किल्ले मराठे परत घ्यायचे. साताराही असाच परत आला आणि आझमताऱ्याचा पुढे अजिंक्यतारा झाला.

बादशहा सह्याद्रीत अडकलेला असताना मराठी फौजा त्याच्या मुलखात शिरल्या. नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात गेले. १७०६ साली धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगलांचा दणदणीत पराभव केला. मोगलांचा इतिहासकार खाफीखान मराठ्यांचा कट्टर टीकाकार. पण ताराबाईंची हुशारी आणि कारभारावरची पकड त्यालाही मान्य करावी लागली.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. ताराबाई जिंकल्या होत्या. पण हा विजय त्यांना जेमतेम दोन महिने उपभोगता आला.

कैदेतून वारस परत येतो

औरंगजेबानंतर त्याच्या मुलांत दिल्लीच्या तख्तासाठी लढाई ठरलेलीच होती. शहजादा आझम दक्षिणेतून उत्तरेकडे निघाला. सोबत कैदेतले शाहू होतेच. मे १७०७ मध्ये माळव्यात आझमने शाहूंना सोडून दिलं. येसूबाईंना मात्र मोगलांकडेच ओलीस ठेवलं. शाहू परत गेले की मराठे आपसात भांडतील आणि मोगलांची पाठ मोकळी राहील, असा हिशोब होता. तो हिशोब अगदी बरोबर ठरला.

शाहू पंचवीस वर्षांचे झाले होते. त्यातली अठरा वर्षं कैदेत गेलेली. इकडच्या बहुतेकांनी त्यांना मोठेपणी पाहिलेलंही नव्हतं. त्यामुळे ताराबाईंनी पहिला मुद्दा काढला की हा माणूस खरा शाहू नव्हेच, मोगलांनी पाठवलेला तोतया आहे. आणि दुसरा मुद्दा असा की खरा असला तरी त्याचा हक्क उरलेला नाही, कारण हे राज्य राजारामांनी आणि त्यांच्यानंतर आम्ही राखलं.

सरदारांनी साथ सोडू नये म्हणून ताराबाईंनी त्यांच्याकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. तेव्हा अशी शपथ मोडणं म्हणजे घोर पाप. १२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंची भिस्त धनाजी जाधवांवर होती. पण धनाजींची शाहू खरे असल्याची खात्री पटली होती. ते शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. परशुरामपंत तेवढे ताराबाईंसाठी लढले आणि साताऱ्याकडे हटले. साताऱ्याच्या किल्ल्यावर शेख मिरा होता. त्याने गडाचा ताबा शाहूंना दिला आणि परशुरामपंत कैद झाले.

या भांडणात सगळ्यात वाईट अवस्था झाली शंकराजी नारायण यांची. ताराबाईंशी इमानाची शपथ घेतलेली आणि समोर थोरल्या पातीचा वारस उभा. शपथ मोडायची की धन्याच्या नातवावर शस्त्र धरायचं, हे कोडं त्यांना सुटलं नाही. अखेर त्यांनी स्वतःचा जीव संपवला.

१२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई मुलाला घेऊन पन्हाळ्याकडे गेल्या. त्यांनी हार मानली नाही. १७१० पर्यंत पन्हाळ्यावर शिवाजीच्या नावाने त्यांची वेगळी गादी पक्की झाली. कोल्हापूरचं राज्य म्हणतात ते हेच. मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या त्या इथे.

सावत्र मुलाने केलेलं बंड

पुढची काही वर्षं पारडं वरखाली होत राहिलं. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव शाहूंना सोडून ताराबाईंकडे आला. कोकणात कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंची बाजू खचत होती. ती सावरली बाळाजी विश्वनाथ भट यांनी. १७१३ साली शाहूंनी त्यांना पेशवा केलं आणि त्यांनी कान्होजींना समजावून शाहूंच्या बाजूला आणलं. ताराबाईंचा मोठा आधार निखळला.

खरा घाव मात्र घरातून बसला. १७१४ साली पन्हाळ्यावर राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला गादीवर बसवलं. ताराबाई आणि शिवाजी या मायलेकांना कैद झाली. ज्या रामचंद्रपंत अमात्यांनी आधी ताराबाईंसोबत राज्य सांभाळलं, तेही या वेळी राजसबाईंच्या बाजूला होते.

म्हणजे ज्या गादीसाठी ताराबाईंनी साताऱ्याशी वैर घेतलं, ती गादीही त्यांच्या मुलाकडे राहिली नाही. हा शिवाजी पुढे १७२६ साली कैदेतच वारला. तेव्हा ताराबाईंचं वय ५१. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा गेलेला, राज्य गेलेलं. त्यांचा विषय सगळ्यांसाठी संपला होता.

वारणेच्या दोन तीरांवर

तिकडे शाहूंचं बस्तान बसत गेलं. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, येसूबाईही सुटून आल्या. शाहूंचा हक्क आता मोगल दरबारानेही मान्य केला होता.

कोल्हापूरचे संभाजी मात्र निजामाच्या मदतीने झगडत राहिले. १७३० साली श्रीपतराव प्रतिनिधींनी वारणेकाठी त्यांच्या छावणीवर हल्ला केला. संभाजी निसटले, पण राजघराण्यातल्या बायका सापडल्या. त्यात राजसबाई होत्या आणि त्यांच्या कैदी ताराबाईही होत्या.

शाहूंनी सगळ्यांना मानाने परत पाठवायची तयारी दाखवली. ताराबाईंनी परत जायला नकार दिला. कोल्हापूरला गेलं तरी कैदच होती. ज्या पुतण्याला त्यांनी तोतया म्हटलं होतं, त्याच्याच साताऱ्यात राहायचं त्यांनी ठरवलं. शाहूंनीही जुनं उकरून काढलं नाही, त्यांना सन्मानाने ठेवून घेतलं.

१३ एप्रिल १७३१ ला दोन्ही चुलतभावांत वारणेचा तह झाला. वारणा नदी ही सीमा ठरली. उत्तरेचा मुलूख साताऱ्याचा, दक्षिणेचा कोल्हापूरचा. सांगलीजवळच्या हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथपर्यंत ही रेघ येते. आज वारणेच्या अल्याड सांगली जिल्हा आणि पल्याड कोल्हापूर जिल्हा लागतो, त्या हद्दीला हा असा जुना इतिहास आहे.

राज्याची वाटणी करायची की नाही, हा १६८० पासूनचा प्रश्न होता. तो सुटला तो असा, भाऊबंदकीतल्या बांधासारखी मध्ये नदी घालून.

अचानक समोर आलेला नातू

पुढची अठरा वर्षं ताराबाई साताऱ्यात शांत होत्या. इतक्या शांत की लोक त्यांना विसरलेही असतील. पण १७४० च्या दशकात शाहू महाराज थकले आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांना मुलगा नव्हता. वारस कोण?

सगळ्यात जवळचं नाव कोल्हापूरच्या संभाजींचं. शाहूंच्या राणी सकवारबाईंचा कल तिकडे होता. शाहूंना ते अजिबात मान्य नव्हतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ताराबाईंनी असं काही सांगितलं की दरबार अवाक झाला. त्यांचा वंश संपलेला नव्हता. त्यांच्या मुलाला, म्हणजे कैदेत वारलेल्या शिवाजीला एक मुलगा होता. राजसबाईंच्या माणसांपासून जीव वाचवायला तान्हं पोर गुपचूप बाहेर काढलं होतं आणि ते पानगावला लपून वाढलं. नाव रामराजा.

शाहूंनी त्यावर विश्वास ठेवला. आपल्यामागे रामराजाला गादीवर बसवावं आणि कारभार पेशव्यांनी बघावा, अशी सोय त्यांनी लावून ठेवली. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराजांचं साताऱ्यात निधन झालं. सकवारबाई सती गेल्या. त्यांच्यावर त्यासाठी दबाव आणला गेला, असं अनेक इतिहासकारांचं मत आहे.

रामराजाबद्दल सरदारांच्या मनात शंका होतीच. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा आग्रह होता की ताराबाईंनी आधी शपथ घ्यावी आणि सगळ्यांदेखत रामराजासोबत एका पंगतीला जेवावं. त्या काळात एका पंगतीला बसणं म्हणजे हा आमच्या रक्ताचा, आमच्या जातीचा, याची जाहीर कबुली. ताराबाईंनी ते केलं. जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाले.

आता कारभार पुन्हा आपल्या हाती येईल असं ताराबाईंनी धरलं होतं. राजा आपला नातू, तोही खेड्यात वाढलेला, दरबारात नवखा. १७०० साली जसं चाललं तसंच पुन्हा चालेल. पण मधल्या पन्नास वर्षांत राज्य बदललं होतं. फौज, पैसा, उत्तरेतले सरदार, सगळ्याच्या दोऱ्या आता पेशव्यांच्या हातात होत्या. नानासाहेब पेशव्यांना गादीवर राजा हवा होता, पण कारभार करणारा नको होता.

सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला करार झाला. पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ तिथे होते. रामराजाने राज्याचा सगळा कारभार पेशव्यांकडे सोपवायला मान्यता दिली. ताराबाईंनी आणलेल्या नातवाने ताराबाईंनाच बाजूला ठेवून सही-शिक्का करून टाकला.

चंपाषष्ठीचं आमंत्रण

रामराजा सांगोल्याहून साताऱ्याला परतले. पेशवे निजामाच्या मोहिमेवर दूर होते. ताराबाईंनी बरोबर वेळ साधली. २४ नोव्हेंबर १७५० ला चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यांनी नातवाला अजिंक्यताऱ्यावर बोलावलं. पेशव्यांना पदावरून काढा, अशी मागणी केली. रामराजाने नकार दिला. गडाचे दरवाजे बंद झाले आणि मराठ्यांचे छत्रपती आपल्याच आजीचे कैदी झाले.

मग ताराबाईंनी दुसरा बाण सोडला. हा माझा नातूच नव्हे, हा तोतया आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ज्याच्यासोबत सगळ्यांदेखत जेवल्या, त्याचंच रक्त त्यांनी नाकारलं.

मग खरं काय होतं? रामराजा त्यांचा नातू होता की नव्हता? यावर इतिहासकारांत एकमत नाही. आधीची शपथ खरी धरली तर नंतरचा आरोप हे रागातून उपसलेलं हत्यार ठरतं. नंतरचं बोलणं खरं धरलं तर आधीची पंगत हे सत्तेसाठी रचलेलं नाटक ठरतं. दोन्हींमध्ये साक्षीदार एकच, खुद्द ताराबाई.

डाव नुसता घरातला नव्हता. पेशव्यांवर चिडलेल्या उमाबाई दाभाड्यांनी ताराबाईंच्या मदतीला दमाजी गायकवाडांना गुजरातेतून फौज देऊन पाठवलं. १७५१ च्या मार्चमध्ये दमाजींनी साताऱ्याजवळच्या निंब गावापाशी पेशव्यांच्या फौजेला हरवलं. काही दिवस असं वाटलं की ही म्हातारी पेशवाईच उलथवणार. पण वेण्णेकाठी दमाजी अडकले. नानासाहेब मजल दरमजल करत परत आले आणि एप्रिलच्या शेवटी दमाजी पकडले गेले.

ताराबाई तरी शरण आल्या नाहीत. शिबंदीतले काही लोक आनंदराव जाधवाच्या पुढाकाराने उलटले, तर ताराबाईंनी त्याचं डोकं उडवलं. एकदा त्यांच्या भीतीने शिबंदी गप्प बसली ती बसलीच. गडावर हल्ला करावा तर आत छत्रपती आणि थोरल्या महाराजांची सून. पेशव्यांनाही हात बांधल्यासारखं झालं.

जेजुरीची शपथ

शेवटी तडजोड झाली. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि नानासाहेबांनी एकमेकांशी वैर न करण्याची शपथ घेतली. तिथे ताराबाईंनी पुन्हा सांगितलं, रामराजा आपला नातू नाही.

वरवर पाहता ताराबाईंचा मान राहिला. अजिंक्यताऱ्यावरचा ताबा त्यांच्याकडेच राहिला, रामराजा त्यांच्याच कैदेत राहिला. पण पेशव्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ताराबाई ज्याला तोतया म्हणत होत्या, त्याला त्यांनी गादीवरून काढलं नाही. छत्रपती म्हणून त्याचंच नाव चालू ठेवलं. जिच्या खरेपणावरच शंका आहे असा राजा, तोही गडावर बंद. पेशव्यांना याहून सोयीचा छत्रपती मिळाला नसता.

ताराबाईंना छत्रपतींच्या घराण्याची सत्ता परत आणायची होती. त्यासाठी त्यांनी जे हत्यार वापरलं त्याने घराण्याचाच पाया खणला गेला. गादीवरचा माणूस खरा की खोटा हेच ठरत नसेल, तर त्याची आज्ञा कोण पाळणार? राज्याचा कारभार पुण्यातून चालायला लागला तो कायमचा. पेशवेपदाची वस्त्रं तेवढी साताऱ्याहून यायची.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेब पेशवे खचून गेले. ताराबाईंनी हेही पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साताऱ्यात त्यांचं निधन झालं. साताऱ्याशेजारी माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर त्यांची समाधी आहे.

वंश कुठे गेला?

ताराबाईंच्या निधनानंतर माधवराव पेशव्यांच्या काळात रामराजांची गडावरची कैद संपली, पण सत्ता त्यांच्या वाट्याला आलीच नाही. त्यांनाही मुलगा नव्हता. १७७७ साली वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला गेला, तो दुसरा शाहू. त्याचे पुत्र प्रतापसिंह महाराज. त्यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केलं आणि भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. १८४८ साली आप्पासाहेबही वारले. मरताना त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला आणि साताऱ्याचं राज्य खालसा केलं. औरस वारस नाही म्हणून राज्य गिळायचं, या धोरणाचा डलहौसीने केलेला हा पहिला मोठा प्रयोग. पुढे झाशी आणि नागपूरचं तेच झालं.

म्हणजे मराठे दीडशे वर्षं ज्या प्रश्नावर आपसात लढले, खरा वारस कोण, त्याचं उत्तर शेवटी कलकत्त्यात बसलेल्या एका इंग्रजाने दिलं.

कोल्हापुरातही १७६० च्या डिसेंबरमध्ये संभाजी निपुत्रिक वारले. त्यांच्या राणी जिजाबाईंनी खानवटच्या भोसल्यांकडून मुलगा दत्तक घेऊन राज्य राखलं. ते संस्थान पुढे १९४९ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकलं. राजर्षी शाहू महाराज याच गादीवरचे, तेही दत्तकच.

कोल्हापूरला कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार झालेल्या ताराराणींचा पुतळा आहे. कोल्हापूरकर त्यांना करवीर राज्याच्या संस्थापक मानतात आणि ते योग्यच आहे. पण ज्या राज्याच्या त्या संस्थापक, त्याच राज्याने त्यांना सोळा वर्षं कैदेत ठेवलं. आणि त्यांनी मुलासाठी, मग नातवासाठी आयुष्यभर जिच्यापायी झगडा केला, त्या दोन्ही गाद्यांवर पुढे जे बसले, त्यांच्यात ताराबाईंचा वंश कुठेच नव्हता.